सुपेल्याच्या पुलाखाली स्केटपार्क हवा

सुरतेकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग 53 धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, राजनांदगाव अशी गावे घेत दुर्गला पोहोचतो आणि तिथून भिलाईत शिरतो. भिलाईत त्याला कोणी 53 म्हणत नाही. तो जीई रोड, जुना ग्रेट ईस्टर्न रोड. नेहरूनगर चौक मागे पडला की सुपेला लागते. आकाशगंगेची भाजी मंडी, रविवारचा बाजार, लालबहादूर शास्त्री सरकारी रुग्णालय, कपड्यांची, मोबाइलची, मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आणि आता डोक्यावरून गेलेला उड्डाणपूल. रायपूरला घाईने जाणाऱ्यांची सोय झाली. सुपेल्यात राहणाऱ्यांच्या वाट्याला पुलाची सावली आली.

या सावलीचे काय करायचे ते वेळेत ठरवले नाही, तर ती आपल्याकडच्या ठरलेल्या वाटेने जाते. आधी दुचाक्या उभ्या राहतात, मग हातगाड्या लागतात, मग एक दिवस अतिक्रमणविरोधी पथक येते, जाळी बसते, आत कुंड्या मांडल्या जातात आणि खांबांवर स्वच्छतेची चित्रे रंगतात. पहिल्या उन्हाळ्यात कुंड्या सुकतात. महामार्गावरच्या कुठल्याही शहरात उतरून पाहावे, थोड्याफार फरकाने हेच दिसेल. सुपेल्याने वेगळे काही करून दाखवावे: पुलाखालच्या पट्ट्यातले जेमतेम पाचशे चौरस मीटर घ्यावेत आणि तिथे घोटीव काँक्रीटचा स्केटपार्क बांधावा.

सूचना ऐकून हसू येणे साहजिक आहे. स्केटबोर्ड म्हटले की डोळ्यांसमोर येतो कॅलिफोर्निया, रिकामे जलतरण तलाव, ढगळ पँटी घातलेली पोरे. जी गल्ली अजून नाल्यांवरच्या झाकणांसाठी नगरसेवकाच्या मागे लागलेली आहे, तिला हे सोंग कशाला? पण भारतातला या खेळाचा सर्वांत बोलका दाखला कुठल्या महानगरातला नाही. तो मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यातला आहे, आणि सोयींच्या हिशेबात सुपेला जनवारच्या किती तरी पुढे आहे.

उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 मध्ये जनवारमध्ये स्केटपार्क उभा केला. आकार जेमतेम साडेचारशे चौरस मीटर. गावात गोंड आदिवासी आणि यादव अशी दोन वस्त्यांची माणसे, एकमेकांपासून अंतर राखून राहणारी. पार्काचे नियम दोनच ठेवले: शाळा बुडवली तर बोर्ड मिळणार नाही, आणि मुलींचा नंबर आधी. प्रशिक्षक नावाचा माणूस नव्हता. मुले अनवाणी बोर्डावर उभी राहिली, पडली, एकमेकांचे बघून शिकली. बोर्ड मोजके असल्यामुळे ते आळीपाळीने वापरावे लागले, आणि आळीपाळी आली की कोण कोणत्या वस्तीतला हे फार वेळ पाळता येत नाही. या गावातली आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंग इथे जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. पदक मिळाले नाही, पण ज्या घरात मुलीने एकटीने पन्न्याला जाणेही सहज नव्हते, तिथली मुलगी पासपोर्ट काढून चीनला गेली.

जनवार एकटे नाही. महाबलीपुरमची छोटी स्केटर कमली मूर्ती हिच्यावर साशा रेनबो या दिग्दर्शिकेने केलेला ‘कमली’ हा लघुपट 2020 च्या बाफ्टा पुरस्कारांसाठी नामांकित झाला. गंमत अशी की त्या विभागात त्या वर्षी पुरस्कार मिळाला तोही काबूलमध्ये स्केटबोर्ड शिकणाऱ्या मुलींवरच्या माहितीपटाला. 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर ‘स्केटर गर्ल’ हा चित्रपट आला. त्याच्या दिग्दर्शिका मंजरी माकिजानी यांनी चित्रीकरणासाठी उदयपूरजवळच्या खेमपूर गावात खराखुरा पार्क बांधून घेतला. चित्रपट संपला, पार्क गावात राहिला. आणि महाराष्ट्राचे म्हणावे तर 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंगच्या महिला स्ट्रीट प्रकारात पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले. या सगळ्या मुली आहेत, हे नजरेतून सुटू नये. ज्या देशात मैदान म्हणजे मुलांचे क्रिकेट असे समीकरण झाले आहे, तिथे हा नवा खेळ अजून कोणाच्या नावावर चढलेला नाही. म्हणून मुलींना त्यात लवकर शिरता आले.

भिलाईच्या बाबतीत हा मुद्दा जास्त टोचणारा आहे, कारण इथे खेळायच्या जागांची वाटणी शहराच्या जन्माबरोबर झाली. 1955 मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्याबरोबर आखीव सेक्टर उभे राहिले. रुंद रस्ते, झाडे, शाळा, क्लब, मैदाने, पुढे मैत्री बाग. नागपूर-विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्या या सेक्टरांत वाढल्या, आणि त्यांना आपल्या बालपणाची मोकळीक ही शहराची रीत वाटत आली. ती रीत कारखान्याच्या हद्दीपुरती होती. रेल्वे रुळांच्या या बाजूला सुपेला वाढले ते कारखान्याला लागणाऱ्या बाकीच्या सगळ्या गोष्टींसाठी: भाजी, कापड, दुरुस्ती, ठेकेदाराचा मजूर, भाड्याची खोली. त्याला नकाशा मिळाला नाही, मग मैदान कुठून मिळणार? आता दाट वस्तीत एकरभर जागा शोधणे म्हणजे कोणाची तरी घरे पाडणे. स्केटपार्काला एकर लागत नाही. बास्केटबॉलचे एक मैदान मावेल आणि थोडी जागा उरेल, इतक्यात तो बसतो.

बास्केटबॉलचे नाव आले ते उगीच नाही. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये छत्तीसगडचा दबदबा देशभर होता, आणि त्याचे केंद्र भिलाईच होते. प्रशिक्षक राजेश पटेल यांनी 2018 मध्ये मृत्यू येईपर्यंत साध्या घरांतल्या उंच मुली हेरून त्यांना राष्ट्रीय संघापर्यंत नेले. उत्तर प्रदेशातली पूनम चतुर्वेदीसुद्धा खेळायला इथेच आली. तेव्हा भिलाईच्या पालकांना मुलीच्या हातात चेंडू देऊन संध्याकाळी कोर्टावर पाठवायची सवय नवी नाही. त्या यशामागे झगमगीत स्टेडियम नव्हते. एक नीट आखलेले कोर्ट, रोज उघडणारे फाटक आणि एक हट्टी माणूस एवढे भांडवल होते.

स्केटपार्काच्या बाबतीत मात्र ‘नीट आखलेले’ या शब्दांवर सगळे अडते, आणि इथेच आपल्याकडचे ठेकेदार घात करू शकतात. त्यासाठी बोर्ड म्हणजे काय ते थोडे समजून घ्यायला हवे.

फळी सात थरांच्या मेपल प्लायची, साधारण आठ इंच रुंद, दोन्ही टोकांना वर वळलेली. वर सिलिकॉन कार्बाइडचा खरखरीत कागद, म्हणजे पाय सरकत नाही. खाली ‘ट्रक’ नावाचे ॲल्युमिनियमचे दोन सांगाडे. त्यांतल्या लवचीक चकत्यांमुळे अंग ज्या बाजूला कलेल त्या बाजूला बोर्ड वळतो. ट्रकमधून पोलादी आस जातो आणि त्यावर चार चाके फिरतात. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे, क्रमांक 608: आतला व्यास 8 मिलिमीटर, बाहेरचा 22, जाडी 7. हाच क्रमांक छोट्या विद्युत मोटरींत असतो आणि मध्यंतरी पोरांच्या बोटांवर फिरणाऱ्या त्या स्पिनरमध्येही असायचा. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो. चाक पॉलियुरेथेनचे, व्यास 52 ते 54 मिलिमीटर. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने ही चाके बाजारात आणली. त्याआधी लोखंडाची किंवा मातीच्या मिश्रणाची चाके असत, आणि वाटेत लहानसा खडा आला की स्वार तोंडावर आपटे. 1978 च्या सुमाराला फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडने हात न लावता बोर्डासकट हवेत उडण्याची युक्ती काढली, तिला ‘ऑली’ म्हणतात. मागच्या पायाने शेपूट जमिनीवर फटकन आपटायची, बोर्ड उभा होऊ लागला की पुढचा पाय त्याच्यावरून घासत पुढे न्यायचा, की फळी हवेत सपाट होते. आजचा बहुतेक सगळा खेळ या एका उडीवर उभा आहे.

आता हे पाच सेंटिमीटरचे चाक पेव्हर ब्लॉकवर चालवून पाहावे. दर वीतभर अंतरावर सांधा, दर सांध्याला ठोका. चकचकीत ग्रॅनाइटवर धूळ बसली की चाक घसरते. सार्वजनिक बागेत आपल्याला हौस असते ती नेमकी या दोन गोष्टींची. स्केटपार्काला लागतो जुन्या वाड्यांतल्या कोब्यासारखा एकसंध, थापीने घोटून घोटून काचेसारखा केलेला काँक्रीटचा पृष्ठभाग. त्याला पाणी वाहून जाण्यापुरता ढाळ आणि अगदी थोडे, कापून केलेले सांधे. उतारांची वक्रता डोळ्यांच्या अंदाजाने काढून चालत नाही, लाकडी साचा धरून ती ओढावी लागते. उताराच्या माथ्यावर पोलादी पाइप बसवतात, बाहेरचा व्यास साधारण 60 मिलिमीटर, कारण ट्रक त्याच्यावर घासत न्यायचा असतो. हा पाइप काँक्रीटच्या थोडा जरी आत बुडाला तरी उतार वाया गेला, जास्त वर आला तर पोरे अडखळून पडणार. हे सगळे गवंड्याच्या आवाक्यातले काम आहे, पण ज्याने कधी बोर्डावर पाय ठेवलेला नाही त्याच्या देखरेखीखाली ते होऊ नये. देशात हे काम जाणणारे लोक आहेत. बंगळुरूच्या होलीस्टोक्ड या स्केटरांच्या गटाने 2013 मध्ये लेव्हाईज कंपनीच्या मदतीने पार्क उभारला आणि पुढे इतरत्रही बांधकामे केली. निविदेत अशा अनुभवाची अट घालायला एक ओळ पुरते. ती ओळ नसेल तर पार्क न बांधलेलाच बरा. चुकीच्या उतारांवर दोन मुलांचे मनगट मोडले की ‘हा खेळच धोकादायक’ असा शेरा कायमचा बसेल.

सामग्रीची अडचण तर भिलाईने सांगूच नये. भट्टीतून निघणाऱ्या धातुमळीचे सिमेंट याच शहरात बनते. आगगाडीचे रूळ लाटून देशाला पुरवणाऱ्या गावाला घसरायला एक लोखंडी दांडी आणि चार पाइप जमणार नाहीत, असे कोण म्हणेल? नंदिनी रोडच्या औद्योगिक पट्ट्यातला फॅब्रिकेटर हे काम एका आठवड्यात करील.

पुलाखाली स्केटिंग ही कल्पनाही काही जगावेगळी नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली 1990 मध्ये काही तरुणांनी कोणालाही न विचारता स्वतः काँक्रीट ओतायला सुरुवात केली. ती जागा तोवर दारुड्यांची आणि नशेबाजांची होती. पोरांची वर्दळ वाढली तसे ते लोक हटले, आजूबाजूच्या व्यापाऱ्यांनीच शहराकडे पोरांची बाजू मांडली आणि पालिकेने शेवटी पार्क राहू दिला. फिलाडेल्फियात आय-95 महामार्गाच्या खाली असाच पार्क आहे. लंडनमध्ये साउथबँकच्या इमारतीखालची, पोरांनी सत्तरच्या दशकापासून वापरलेली जागा दुकानांसाठी घ्यायचे ठरले तेव्हा मोठे आंदोलन झाले, आणि 2014 मध्ये तडजोड होऊन ती खेळासाठी राखली गेली. स्वतःहून बांधणे हे सुपेल्यात कोणी करू नये, इथे पूल महामार्ग प्राधिकरणाचा आहे आणि खांबाजवळ विनापरवाना खोदकाम झाले तर पोलीस येतील, यायलाच हवेत. सांगायचे ते इतकेच की पुलाखाली छप्पर फुकट मिळते. भिलाईचा मे महिना आणि त्यानंतरचे चार महिने ज्याने काढले आहेत त्याला याचे मोल सांगायला नको. पाण्याने बेअरिंग गंजते, प्लाय फुगते; उघड्यावरचा पार्क पावसाळाभर बंद ठेवावा लागतो. पुलाखालचा चालू राहतो. शिवाय बोर्ड आपटल्याचा खडखडाट घराशेजारी असता तर तक्रारी झाल्या असत्या. जीई रोडवर तो कोणाला ऐकू येणार?

मुंबईकरांनी तर पुलाखालच्या जागेची लढाई जिंकून दाखवली आहे. माटुंग्याच्या तुळपुळे पुलाखाली वाहने लावली जात, घाण साचे. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि 2016 मध्ये त्या पट्ट्यात नानालाल मेहता उद्यान झाले. नर्मदेच्या वळणांवर बेतलेली पायवाट, रेलिंग, दिवे, फाटकावर पहारेकरी. दोन्ही बाजूंनी बेस्टच्या बसगाड्या धावतात आणि मधे म्हातारी माणसे चालतात. त्या उद्यानाचे खरे श्रेय आराखड्यापेक्षा फाटकाला आणि पहारेकऱ्याला जाते, हे भिलाईच्या महापालिकेने लिहून ठेवावे.

आक्षेपांत दोन खरे आहेत. पहिला हवेचा. महामार्गाच्या मधोमध मुलांना धापा टाकत खेळायला लावणे योग्य आहे का? याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. जागा पक्की करण्यापूर्वी महिनाभर तिथली धूळ मोजावी आणि आकडे फार वाईट आले तर पुलाच्या टोकाकडची, कमी रहदारीची बाजू घ्यावी. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. तीच हवा भाजीवाल्या बाया आणि त्यांच्या पदराला धरून बसलेली पोरे दिवसभर घेत असतात. त्यांच्या फुप्फुसांची काळजी खेळाचा विषय निघाल्यावरच का वाटावी?

दुसरा आक्षेप रस्ता ओलांडण्याचा, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. पार्क कितीही सुरेख बांधला आणि आठ वर्षांच्या मुलाला तिथे पोहोचण्यासाठी ट्रकांमधून पळावे लागले तर तो सापळा ठरेल. सिग्नलवर पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा वेळ, गतिरोधक, कमरेएवढी भिंत, बोर्ड रस्त्याकडे सुटू नये म्हणून खाली लावलेली पट्टी आणि खांबांना जाड गाद्या हे सगळे पार्काच्या खर्चातच धरायला हवे. पडणे या खेळात आहेच. हेल्मेट, कोपर-गुडघ्याची आवरणे आणि मनगटाचे पट्टे सक्तीचे असावेत. ती फाटकावर मिळावीत आणि परत घ्यावीत.

बोर्डांचेही तसेच. खेळण्यांच्या दुकानात मिळणारे, प्लॅस्टिकच्या ट्रकचे स्वस्त बोर्ड वळतच नाहीत, आणि मुलाला वाटते चूक आपली आहे. चांगला बोर्ड काही हजारांचा, म्हणजे सुपेल्यातल्या बऱ्याच घरांना न परवडणारा. म्हणून वीस-पंचवीस बोर्ड पार्काचे असावेत, ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे नोंद करून मिळणारे. बुटांची चिंता करू नये. या खेळाला सपाट, मऊ रबरी तळाचा कॅनव्हास बूट लागतो. परदेशी कंपन्या तो भारी किमतीला विकतात. शाळेच्या पीटीचा पांढरा बूट त्याचाच गरीब भाऊ आहे आणि सुरुवातीला चालून जातो.

काही लोक विचारतील, यातून ऑलिंपिकपटू निघणार का? टोकियोत 2021 मध्ये हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण व रौप्य जिंकणाऱ्या मोमिजी निशिया आणि रायसा लिआल दोघीही 13 वर्षांच्या होत्या. पॅरिसमध्ये 2024 ला चीनची झेंग हाओहाओ 11 व्या वर्षी उतरली. त्यामुळे आशा धरायला हरकत नाही. पण पदकाच्या आमिषावर पार्क मंजूर झाला तर दुसऱ्या वर्षापासून तो निवडक दहा मुलांसाठी राखीव होईल, बाकीच्यांना ‘सराव चालू आहे’ म्हणून बाहेर काढले जाईल. रोलर स्केटिंगच्या कित्येक रिंकांचे असेच झाले आहे: महिन्याची फी, शिकवणीचा गणवेश, शनिवारी स्पर्धा. सुपेल्यात प्रवेश मोफत हवा आणि मुलींसाठी रोज संध्याकाळचा एक तास राखून ठेवलेला हवा, निदान पहिली दोन वर्षे.

पैशाचा प्रश्न उरतो. 2022 च्या जूनमध्ये याच महामार्गावर अमरावती आणि अकोल्यादरम्यान एका पदरात 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. रस्त्यासाठी यंत्रे, माणसे आणि पैसा कसा उभा राहतो ते प्राधिकरणाला कोणी शिकवायला नको. त्याने जागेची लेखी परवानगी द्यावी, महापालिकेने पहारेकरी, दिवे आणि स्वच्छतागृह सांभाळावे, आणि पोलाद कारखान्याने आपल्या सामाजिक निधीतून बांधकामाचा खर्च उचलावा. सेक्टरांना मैदाने देताना जे सुपेल्याला द्यायचे राहिले, त्यातला हा एक छोटा हप्ता. त्याआधी फार तर एक चाचणी करून पाहावी: पुलाखालच्या वीस बाय पंचवीस मीटरच्या तुकड्यावर कोबा घालावा, हलवता येतील असे लाकडी उतार मांडावेत, बारा बोर्ड आणावेत आणि दिवाळीच्या सुट्टीत फाटक उघडावे. किती मुले आली, त्यांत मुली किती, कोण कोणत्या गल्लीतून आले याची नोंद पहारेकऱ्याच्या वहीत रोज व्हावी, आणि काँक्रीटची निविदा ती वही पाहून काढावी.